आधी गर्दी आवरायची

"बिबट्या दिसलाय, लवकर या," असा फोन आला की ठाणे जिल्ह्यातल्या एक वनरक्षक बाई जनावर केवढं आहे, कुठे बसलंय, हे लगेच विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "तिथे माणसं किती जमलीत?" फोन करणारा बहुतेक वेळा गोंधळतो. मग "असतील दोन-तीनशे" असं उत्तर येतं आणि मागून शिट्ट्या, आरडाओरडा, कुणीतरी पत्रा बडवत असल्याचा आवाज ऐकू येतो. तेवढ्यावरून बाईंना पुढचा अंदाज येतो. माणसं मोजकी असतील तर जनावर अंधार पडेपर्यंत जागचं हलणार नाही आणि नंतर बहुधा आपल्या वाटेनं निघूनही जाईल. माणसं शेकड्यांनी असतील तर पिंजऱ्याआधी पोलिसांची कुमक बोलवावी लागते.

नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं त्यांनी येऊरला काढली. राहायला डोंबिवलीत. सकाळची लोकल पकडून ठाण्याला उतरायचं आणि स्टेशनाबाहेरून येऊरची टीएमटी धरायची. उपवन तलाव मागे पडला, बस चढणीला लागली की कानातला शहराचा आवाज हळूहळू ओसरायचा. पुढे बदली झाली ती कल्याण बाजूला, प्रादेशिक विभागात. एकीकडे राष्ट्रीय उद्यानातलं राखलेलं जंगल, तर दुसरीकडे चाळी, टॉवर, एमआयडीसी, खाडी आणि त्यांच्या फटींत उरलेली झाडी, असं दोन्ही तऱ्हेचं काम त्यांच्या वाट्याला आलं. पाड्यांवर त्यांना ताई म्हणायचे, कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांत मॅडम म्हणतात. दोन्हीकडचा अनुभव त्या एकाच वाक्यात सांगतात: जनावर सांभाळणं सोपं, माणसं सांभाळणं अवघड.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं. बोरिवलीचं प्रवेशद्वार आणि कान्हेरीची लेणी सगळ्यांना माहीत असतात. त्याच जंगलाचा पूर्वेकडचा उतार म्हणजे येऊर, हे मात्र ठाण्यात जन्म गेलेल्यांनाही कधी कधी सांगावं लागतं. अनेकांच्या लेखी येऊर म्हणजे पावसाळी सहल आणि बंगल्यांतल्या रात्रीच्या पार्ट्या. प्रत्यक्षात तिथे चितळ, सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर, साळिंदर आणि उदमांजर आहेत. पिसोरी हे सशाएवढं लाजाळू हरीण आहे. घरच्या मांजराहूनही लहान असलेली वाघाटी आहे; जगातल्या सगळ्यांत छोट्या रानमांजरांत तिची गणना होते. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत. एका अंगाला मुंबई, दुसऱ्या अंगाला ठाणे आणि उत्तरेला वसईची खाडी, अशा कोंडीत हे सगळं टिकून आहे. ते आपोआप टिकलेलं नाही.

वनरक्षकाचं काम म्हणजे गस्त, असं बाहेरून वाटतं. गस्त असतेच. पण थंडी सरता सरता जाळरेषा काढाव्या लागतात. वाळलेल्या गवताचा पट्टा मुद्दाम, हवेची दिशा बघून, माणसं उभी करून जाळून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात वणवा लागला तर तो त्या पट्ट्याशी येऊन थांबतो. दिवसभर धुरात उभं राहिलं की रात्री डोळे मिटत नाहीत, इतकी आग होते. मार्चपासून ओढे आटायला लागतात. मग पाणवठ्यांत पाणी आहे की नाही हे पाहायचं, नसेल तर टँकरची सोय करायची. आणि पाणवठ्याकडे जाणाऱ्या पायवाटा वाकून, पानं बाजूला सारून तपासायच्या. कारण फासे तिथेच लागतात. मोटारसायकलच्या क्लचची तार गोल वळवून झुडपाला बांधलेली असते. लावणाऱ्याला हवं असतं रानडुक्कर. सापडतो कधी कधी बिबट्या, आणि तो जितकी धडपड करतो तितकी तार कमरेत रुतत जाते. अशी तार सापडली की बाई ती पक्कडीनं तोडून खिशात टाकायच्या, जागेची नोंद करायच्या आणि पुढचे काही दिवस त्याच वाटेवर वेगवेगळ्या वेळी फिरायच्या.

जंगल ऐकायला शिकवलं ते पाड्यावरच्या वनमजुरांनी. भेकराचं भुंकणं, सांबराचा घुमणारा "पोंक", झाडाच्या शेंड्यावरून येणारं वानराचं खाकरणं, हे इशारे कोणत्या क्रमानं आणि कुठून कुठे सरकतात, यावरून बिबट्या कुठल्या नाळेनं चाललाय हे ती माणसं बसल्या जागी सांगत. पुस्तकात हे वाचता येतं, पण कानाला सवय लागायला दोन-तीन उन्हाळे जातात, असं बाई म्हणतात.

बुद्धपौर्णिमेची रात्र त्यांच्या खात्यात महत्त्वाची. वैशाखातलं लख्ख चांदणं, पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं. त्यामुळे पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांची नोंद करायची प्रथा आहे. अंगाला अत्तर नाही, साबणाचा वास नाही, बोलणं नाही, मोबाइल बंद. मांडीवर तक्ता असतो: वेळ, प्राणी, संख्या, नर की मादी. अंधार पडतो तसा रातवा पक्षी एका लयीत ओरडायला लागतो. रानडुकरं लवकर येतात आणि चिखल करून जातात. सांबर मात्र झाडीच्या कडेशी उभं राहतं. पाणी दहा पावलांवर असतं, तहान असते, तरी ते कान फिरवत तसंच थांबतं, पुढचा पाय उचलून पुन्हा खाली ठेवतं. त्याच्या त्या थांबण्याकडे बघताना आपणही श्वास रोखून धरतो. अशाच एका रात्री बाईंनी पाणवठ्यावरचा पहिला बिबट्या पाहिला. तो आला हे कळलंच नाही. आधी जिभेचा लपलप आवाज आला, मग आवाजाच्या जागी आकार दिसला. पुढचे पाय दुमडून, खांदे वर काढून तो पाणी पीत होता आणि एक कान सतत मागच्या बाजूला वळवलेला होता. बराच वेळ प्यायला, उठला, शेपटीचं टोक वर वळवून निघून गेला. तक्त्यात एवढंच लिहायचं होतं: बिबट, एक.

अशा गणनेतून पक्का आकडा मिळत नाही, हे खात्यालाही माहीत आहे. तो मिळतो कॅमेरा ट्रॅपमधून. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. शिवाय डाव्या कुशीवरची नक्षी वेगळी आणि उजवीवरची वेगळी. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात, गुडघ्याच्या उंचीवर. 2015 मध्ये निकित सुर्वे या तरुण अभ्यासकानं वन विभागासोबत केलेल्या पाहणीत इथे 35 बिबटे नोंदवले गेले, 2018 मध्ये 47, आणि 2024 च्या पाहणीत 54. एवढ्याशा जागेत एवढे बिबटे जगात फार कमी ठिकाणी सापडतील. फेब्रुवारी 2021 पासून वन विभाग आणि डब्ल्यूसीएस-इंडिया ही संस्था यांनी काही बिबट्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलरही बांधल्या; सावित्री नावाची मादी त्यांतली पहिली.

हे आकडे ऐकले की जनजागृतीच्या सभेत हमखास कुणीतरी उठून विचारतं, मग जास्तीचे पकडून लांब कुठेतरी का सोडत नाही? प्रश्न वाटतो सरळ, आणि विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. लहान मुलं असलेल्या आईनं तो विचारायचा नाही तर कुणी? पण याचं उत्तर महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन मिळवलं आहे. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात शंभराच्या आसपास बिबटे पकडले गेले आणि त्यांतले पुष्कळसे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले गेले. हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सगळा तपशील अभ्यासून मांडला. उपटून नेलेलं जनावर अनोळखी जागी बावरतं, आपल्या मुलखाकडे परतायला बघतं, वाटेत माणसांच्या मध्ये सापडतं. आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा, बहुधा तरुण आणि नवखा बिबट्या येऊन बसतो. मुंबई-ठाण्याच्या या जंगलाभोवतीही 2002 ते 2004 ही वर्षं अत्यंत वाईट गेली, अनेक माणसं दगावली. त्या काळात बाहेरून आणलेले बिबटे या उद्यानात सोडले जात होते. 2011 मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांनी अभ्यासक, स्वयंसेवक आणि पत्रकार यांना एकत्र आणून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. दिसला की पकडा, हे धोरण मागे पडलं. बाईंच्या मते खात्यानं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घेतलेला हा सगळ्यांत शहाणपणाचा निर्णय, आणि हे मत बरोबर आहे.

मग करायचं काय? कचरा उचलायचा. इतकं साधं उत्तर ऐकून सभेतल्या लोकांची निराशा होते. पण या जंगलातल्या बिबट्याच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कुत्रे येतात उघड्या कचऱ्यावर, बिबट्या येतो कुत्र्यांमागे. संरक्षक भिंतीला टेकून असलेला उकिरडा हलवला, मागच्या बाजूला दिवे लावले, झुडपं छाटली, लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटं सोडलं नाही, उघड्यावर बसावं लागू नये म्हणून शौचालयाची सोय झाली, तर धोका पुष्कळ उतरतो. उघड्यावर बसलेला माणूस बिबट्याच्या नजरेला बुटका आकार दिसतो, हे सांगताना बाई आवाज खाली आणतात. कारण ही चूक त्या माणसाची नसते, त्याच्या वस्तीला संडास न देणाऱ्यांची असते.

पाड्यांवर असलं काही समजवावं लागत नाही. वारली घरांतली वडीलधारी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात आणि वाघोबाला देव मानतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघोबा, सोबत चंद्र आणि सूर्य. मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत अशी दीडशेच्या वर ठिकाणं असल्याची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. म्हणजे वारल्यांना बिबट्याची भीती नाही, असं मुळीच नाही. त्यांचीही कोंबडी जाते, बकरी जाते, आणि त्या वाईट वर्षांत माणसंही गेली. पण रानातून जाताना हातात काठी, तोंडानं मोठ्यानं बोलणं, तिन्हीसांजेला पोरांना आत घेणं, हे शिस्तीनं पाळलं जातं. शेजाऱ्याच्या सवयी माहीत करून घेऊन राहायची ही रीत आहे आणि शहरानं ती त्यांच्याकडून शिकायला हवी.

बिबट्या "शहरात शिरला" असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या वाटा आपल्याला ठाऊक नसतात. त्या कशा असतात हे दाखवलं आजोबानं. एप्रिल 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे एक नर बिबट्या विहिरीत सापडला. विद्या अत्रेय यांच्या चमूनं त्याला जीपीएस कॉलर लावली, त्याच्या शांत स्वभावावरून आजोबा हे नाव दिलं आणि माळशेज घाटाच्या जंगलात सोडलं. तिथून हा गडी निघाला तो सुमारे 120 किलोमीटर चालत काही आठवड्यांत थेट मुंबईच्या या जंगलात पोचला. वाटेत कसारा स्टेशनाजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, वसईच्या औद्योगिक भागातून गेला, शेवटी खाडी पोहून आला. एवढ्या प्रवासात एकाही माणसाला त्यानं इजा केली नाही, आणि कॉलर नसती तर तो गेला हे कुणाला कळलंही नसतं. दिवसा झुडपात पडून राहायचं, रात्री चालायचं. त्याच्यावर सुजय डहाके यांनी 2014 मध्ये चित्रपट काढला, त्यात ऊर्मिला मातोंडकर यांनी काम केलं. पण आजोबा स्वतः डिसेंबर 2011 मध्येच गेला होता. घोडबंदर रोड ओलांडताना गाडीनं उडवलं. घाट, महामार्ग, रेल्वे आणि खाडी पार केलेल्या जनावराला आपल्या घरच्या रस्त्यानं मारलं. येऊरचे कर्मचारी हा किस्सा आजही नव्या पोरांना सांगतात, आणि सांगताना त्यांचा गळा दाटतो.

सगळेच बिबटे असे नकळत निघून जात नाहीत. 20 फेब्रुवारी 2019 च्या पहाटे ठाण्यात समतानगरच्या कोरम मॉलच्या आवारात बिबट्या सीसीटीव्हीत दिसला आणि काही तासांनी जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरातून त्याला सुखरूप बाहेर काढलं गेलं. 24 नोव्हेंबर 2022 ला कल्याण पूर्वेला चिंचपाडा भागात एक बिबट्या चक्क राहत्या इमारतीत घुसला. काही जण जखमी झाले आणि त्याला बेशुद्ध करून ताब्यात घ्यायला दिवस मावळला. मलंगगडाचे डोंगर, बदलापूर-बारवीकडचं रान तिथून फार लांब नाही. या बातम्या सगळ्यांनी वाहिन्यांवर पाहिल्या. वनरक्षकाच्या नजरेनं पाहिलं की त्यांतलं चित्र वेगळं दिसतं. इमारतीत सापडलेला बिबट्या शिकारीला आलेला नसतो. उजाडलं, परतीची वाट बंद झाली, समोर माणसं दिसली, म्हणून तो मिळेल त्या अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतो. जिना असेल तर जिन्यात, शौचालय असेल तर शौचालयात. त्याला कोपऱ्यात घाबरलेलं ठेवून बाहेर पाचशे माणसं ओरडत राहिली, की तो बाहेर येण्यासाठी समोरच्याच्या अंगावरून उडी घेतो. जखमी होणाऱ्यांत वनकर्मचारी बहुतेक वेळा पहिले असतात.

बेशुद्ध करणं हे चित्रपटात दाखवतात तसं नसतं. वजनाचा अंदाज लांबूनच बांधावा लागतो, कारण औषधाची मात्रा त्यावर ठरते. कमी पडली तर तो उठून बसेल, जास्त झाली तर जिवावर बेतेल. डार्ट लागला की तो दचकून धावतो, आणि औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात. ही मिनिटं सगळ्यांत धोक्याची. या वेळात कुणी फटाका लावला, ढोल वाजवला, मोबाइल घेऊन पुढे आलं, तर अंगात चढलेल्या भीतीपुढे औषध चालत नाही. तो निपचित पडला की आधी काठीनं हलवून खात्री करायची, मग डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं. या औषधानं पापण्या मिटत नाहीत, डोळे सताड उघडे राहतात आणि कोरडे पडतात. डॉक्टर तापमान बघतात, जखमा बघतात. श्वास मोजायचं काम बाईंकडे असतं. बिबट्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवून, घड्याळाकडे बघत त्या मोजतात. अंगाला ओल्या मातीचा आणि रानटी उग्र असा वास येत असतो, पंजाच्या गाद्या सिमेंटवर धावून सोलवटलेल्या असतात, मिशांना जाळं चिकटलेलं असतं. वर्तमानपत्रातला तो थरार त्या क्षणी कुठेच नसतो. दमलेलं, भेदरलेलं जनावर असतं आणि ते जगावं एवढीच इच्छा असते.

मे संपत आला की फोनची जात बदलते. डोंबिवलीतून, घोडबंदरच्या टॉवरांतून, कल्याणच्या खडकपाड्यातून लोक सांगतात, "मॅडम, बाल्कनीत एक रंगीत पक्षी पडलाय, असा कधी पाहिला नाही." तो बहुधा नवरंग असतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून हे पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी उत्तरेकडे निघतात. प्रवास रात्रीचा. खाली उजेडाचा समुद्र, समोर काचेच्या भिंती. थकलेला पक्षी काचेवर आपटतो. त्याच दिवसांत तिबोटी खंड्याही येतो, चिमणीहून लहान, चोच लालभडक, पाठीवर जांभळ्या-निळ्या छटा. कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानओढ्यांकाठी मातीच्या कडेत बीळ करून तो घरटं करतो. येऊरच्या रानातही पहिल्या पावसाबरोबर त्याची बारीक शीळ ऐकू येते.

लोक प्रेमानं करतात आणि चुकतं. पाण्यात चोच बुडवतात, पाव भरवतात, पंख्याखाली ठेवतात, पोरांच्या हातात देतात. नवरंग किडे खाणारा पक्षी. पाव त्याच्या कामाचा नाही, आणि बळेबळे पाजलेलं पाणी श्वासनळीत जातं. बाई फोनवरच सांगतात: बुटांचं रिकामं खोकं घ्या, झाकणाला भोकं पाडा, आत जुनं सुती कापड पसरा, पक्षी ठेवा, झाकण लावा, अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा आणि सारखं उघडून बघू नका. निम्मे पक्षी एवढ्यानंच सावरतात, असा त्यांचा अनुभव. डोंबिवलीच्या एका घरातून आणलेला नवरंग त्यांनी संध्याकाळी झाडीच्या कडेला सोडला तेव्हा खोक्याचं झाकण काढल्यावरही तो क्षणभर काठावर बसून राहिला. पोटाखालचा लाल, खांद्यावरचा चकाकता निळा, डोळ्यांवरून गेलेला जाड काळा पट्टा, सगळं हातभर अंतरावर. आखूड शेपटी खालीवर झाली, आणि मग तो जमिनीलगत उडून करवंदीच्या जाळीत शिरला. उंच उडाला नाही म्हणून बरोबर आलेल्या घरच्या मुलीला वाईट वाटलं. बाईंनी तिला सांगितलं, हा जमिनीवरच पाचोळा उलटून खातो, आपल्या घरी गेलाय तो.

कल्याण-डोंबिवलीत जंगल नाही, असं समजणाऱ्यांना बाई भोपरची टेकडी, सातपूल आणि पडले गावाकडचा माळ, गांधारीजवळचा उल्हास नदीचा काठ दाखवतात. हिवाळ्यात पहाटे तिथे दुर्बिणी घेऊन उभी असलेली डोंबिवलीची पोरं दिसतील. त्या पोरांच्या वह्यांत आपल्या शहराचा जो इतिहास लिहिला जातोय तो पालिकेच्या कुठल्याही दप्तरात नाही. थोडं पुढे शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. शंभराहून अधिक वर्षं नामशेष समजला गेलेला आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला वनपिंगळा 2014 मध्ये तिथे दिसला. तोही एवढ्या जवळ, याच लोकलच्या मार्गावर.

बाकीचे फोन नेहमीचे. "बिबट्याचं पिल्लू सापडलंय" असा फोटो येतो. ते उदमांजराचं किंवा रानमांजराचं पिल्लू असतं. जागेवरच ठेवा, रात्री आई येऊन उचलून नेईल, असं सांगावं लागतं आणि बहुतेक वेळा ती नेतेही. पोटमाळ्यावर राहणारं उदमांजर फळं, उंदीर खाऊन गुपचूप राहतं, त्याला हाकलायचं कारण नाही. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजात अडकलेल्या घारी आणि घुबडं येतात. पंखाचा स्नायू कापला गेला असेल तर ती घार पुन्हा उडत नाही. या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो. आणि पिंजऱ्यातला पोपट. वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, हे सांगितलं की घरातली आजी रडवेली होते. बाईंना तिथे कायदा सांगायचा असतो आणि आजीचा मानही राखायचा असतो. त्या खाली बसतात, चहा घेतात, पोपटाचं नाव विचारतात आणि मग बोलतात.

आता चिंता आहे ती वाटांची. राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग खाडीपलीकडे आहे आणि तो पुढे तुंगारेश्वर अभयारण्याशी जोडलेला आहे. आजोबा त्याच बाजूनं आला. त्या पट्ट्यात रस्ते आणि रेल्वे आधीच आहेत, नव्या प्रकल्पांची भर पडते आहे. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा डोंगराखालून जाणार, जोडरस्त्यांसह सुमारे 11.8 किलोमीटरचा. वरून रस्ता काढण्यापेक्षा हे बरं, पण बोगद्याच्या तोंडाशी उजेड, आवाज आणि वर्दळ किती राहील, यावर पुष्कळ अवलंबून आहे. प्राण्यांसाठी भुयारी वाटा आणि पूल हा प्रकल्पातला फुकटचा खर्च नव्हे. ते आराखड्यातच असायला हवेत, मागाहून जोडायची शोभा म्हणून नव्हे.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकांना बाईंच्या वतीनं काही मागणं आहे. वन विभागाचा 1926 हा क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेवा. बिबट्या दिसला तर फोटो मोबाइलवरच्या गटात टाकायच्या आधी या क्रमांकावर कळवा, मुलांना आत घ्या, आणि जनावराला बाहेर पडायला एक बाजू मोकळी सोडा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री जिन्याचे आणि गच्चीचे जास्तीचे दिवे बंद करा, मोठ्या काचांवर पडदे ओढा. आणि घोडबंदर रोडवरून रात्री जाताना गायमुखच्या पुढे, दोन्ही बाजूंना झाडी लागली की, गाडीचा वेग कमी करा.